व्हॉइड डेकवरचे डॉइल

जिच्या कृपेने रुसलेल्या माणसाच्या ओठांवर पहिला शब्द येतो, त्या वाग्देवतेला प्रथम वंदन करतो. त्यानंतर विघ्नहर्त्या गजाननाला. विघ्न मोठे होते आणि ते माझ्या बुद्धीने दूर होण्यासारखे नव्हते, हे मी जाणून आहे.

निमित्त सांगतो. आमच्या समोरच्या घरात राहणारे प्राध्यापक वाघमारे आणि डब्लिन येथे स्थायिक झालेले त्यांचे चिरंजीव आनंद यांच्यात तीन वर्षे अबोला होता. तो गेल्या शनिवारी दुपारी चारच्या सुमारास संपला. तेव्हापासून मला शांत झोप लागते. सिंगापुरातल्या बिशानमध्ये मुलाच्या घरी उर्वरित आयुष्य जपजाप्यात घालवावे असे योजून आलेल्या माणसाला, दुसऱ्याच्या मुलाची इतकी काळजी वाहावी लागेल असे वाटले नव्हते. काळजी उतरली की माणसाला बोलावेसे वाटते. म्हणून ह्या विलक्षण गृहस्थाची ओळख करून देत आहे.

वाघमारे सरांना ओळखायचे असेल तर त्यांना एक साधा प्रश्न विचारावा. ‘सर, जेवण झालं का?’ ते ‘हो’ म्हणणार नाहीत आणि ‘नाही’ही म्हणणार नाहीत. झाले असेल तर ‘तॉ’ म्हणतील. झाले नसेल तर ‘नील’ म्हणतील. आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला डॉइल म्हणतात. तेथे सभासद ठरावाच्या बाजूने मत देतात ते ‘तॉ’ आणि विरुद्ध देतात ते ‘नील’. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘आहे’ आणि दुसऱ्याचा ‘नाहीये’. त्या भाषेत ‘हो’ असा वेगळा शब्दच नाही. क्रियापदानेच उत्तर द्यावे लागते. हे सरांनी मला प्रथम सांगितले तेव्हा मी चालता चालता थबकलो.

“म्हणजे अस्ति आणि नास्ति!”

“बघा शास्त्रीबुवा,” सर म्हणाले, “तुमचेच नातेवाईक निघाले.”

आमच्या जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांच्या आवारात, एक वृद्ध चिनी बाई कॉफी विकतात. त्या नित्य विचारतात, “अंकल, कोपी? हॅविंग हिअर?” सर प्रसन्न मुद्रेने म्हणतात, “तॉ.” आता येथे खाद्यपदार्थ बांधून नेण्याला ‘तापाव’ असा शब्द आहे. बाईंच्या कानी त्यातले पहिले अक्षर पडते. त्या तत्परतेने उकळती कॉफी प्लॅस्टिकच्या पिशवीत ओततात, वर दोरी आवळतात, नळी खोचतात आणि पिशवी सरांच्या हाती देतात. मग सर पंख्याखालच्या टेबलाशी बसतात आणि इस्पितळातल्या सलाइनसारखी ती पिशवी एका हाताने उंच धरून कॉफी पितात. हे मी आठवड्यातून तीनदा पाहतो.

“सर, नुसतं ‘येस’ म्हणा,” मी एकदा विनवले.

“एका कपासाठी तत्त्व सोडू?”

नवव्या मजल्यावर नील नावाचे एक मराठी इंजिनिअर राहतात. सरांनी लिफ्टमध्ये कोणाला नकार दिला की ते बिचारे दचकून मागे वळतात. आता ते बहुधा जिन्याने जातात.

सर मूळचे नागपूरचे. तेथील महाविद्यालयात आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले. पत्नी निवर्तल्यावर कन्या सुजाता त्यांना येथे घेऊन आली; ती संशोधक आहे. मी वाईला संस्कृत शिकलो आणि सांगलीत शिकवले. आमची दारे समोरासमोर आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धमूर्ती आणि घटनाकारांची तसबीर आहे, आमच्याकडे देवांचे पंचायतन. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सुनावले होते, “तुमच्या वेदात दुरुस्ती करता येत नाही, शास्त्रीबुवा. आमच्या घटनेत येते.” मी म्हणालो, “वेदात लागत नाही.” त्या दिवसापासून आमचा स्नेह आहे.

घटना हा सरांचा श्वास. आणि अबोल्याचे कारणही तेच. आनंद बरीच वर्षे डब्लिनला संगणक क्षेत्रात काम करतो. तीन वर्षांपूर्वी त्याने आयर्लंडचे नागरिकत्व घेतले. आपल्याकडे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले की भारताचे आपोआप सुटते. त्याने हे फोनवर सांगितले तेव्हा सर म्हणाले, “घटना काय सिमकार्ड आहे का रे, बदलायला?” मुलगा बापाच्याच तालमीत तयार झालेला. तो म्हणाला, “बाबा, दुसरं घेतलं की पहिलं जातं, हे आपल्याच घटनेत लिहिलंय. मी घटनेप्रमाणेच वागलो.” सरांनी फोन ठेवला. त्यानंतर ना ह्यांनी फोन केला, ना त्याने. दोघांमधले निरोप सुजाता पोचवीत असे. तेही ‘तब्येत बरी आहे’ एवढेच.

आणि त्याच महिन्यात सरांनी आयर्लंडच्या राज्यपद्धतीचा अभ्यास सुरू केला. कोणी कारण विचारले तर म्हणत, “आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं मूळ तिथली. मूळ बघायला नको?” आम्ही मान डोलवत असू. प्राध्यापकाला अभ्यासाचे कारण विचारू नये, असा माझा अनुभव आहे.

येथल्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तेथे दगडी मेज आणि भोवती गोल बैठका आहेत. रोज सायंकाळी साडेपाचला आम्ही आठ मराठी ज्येष्ठ तेथे जमतो. पूर्वी गुडघे, मधुमेह आणि सुना ह्या तीन विषयांवर आमचा निर्वाह चाले. सरांनी आल्यापासून महिन्याभरात त्याचे डॉइल केले.

सभापतिपद माझ्याकडे आले. तेथे सभापतीला ‘क्याऊन कोर्ल’ म्हणतात. “आमच्या नागपूरकडं ‘काऊन’ म्हणजे कशासाठी,” सर म्हणाले. “सभापतीचं कामच ते. जो उठून उभा राहील त्याला विचारायचं, काऊन रे बाप्पा?”

“पण मीच का?” मी माझी पात्रता विचारली.

“तिथं सभापतीला पुढच्या निवडणुकीत लढावं लागत नाही. आपोआप निवडून आला असं धरतात. तुम्हाला लढत झेपणार नाही, म्हणून तुम्ही.”

सुजाताला घरात ‘टीशक’ ही पदवी मिळाली, म्हणजे पंतप्रधान. सर स्वतः ‘टॉनिश्ता’, म्हणजे उपपंतप्रधान. “बाबा, भाजी कुठली करू?” असे ती विचारी तेव्हा उत्तर येई, “मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. मला एकट्याला गोवू नकोस.” ती बिचारी दोडकी चिरू लागे.

विरोधी पक्षाचे नेतृत्व लिमये वहिनींनी स्वतःहून घेतले. त्या ठाण्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचा आवाज अद्याप निवृत्त झालेला नाही. सर तेथील पक्षांवर बोलू लागले की त्या पिशवीतून विणकाम काढत. पक्षांची नावे तिकडच्या प्राचीन भाषेतली असल्यामुळे सरांनी त्यांना मराठी नावे दिली होती. एक ‘भाग्यसैनिक’, दुसरा ‘गेलकुल’, म्हणजे तिकडच्या मूळ गेल लोकांचे कुळ. तिसऱ्याच्या नावाचा अर्थ ‘आपण स्वतः’ असा होतो. मी ‘स्वयमेव’ सुचवले. मतदान झाले आणि ‘आमचे आम्ही’ हे नाव मंजूर झाले. सभापतीला मत नसते. फक्त समसमान मते पडली तरच त्याला मत देता येते. त्यामुळे मी गप्प बसलो.

“ह्या पहिल्या दोघांत फरक काय?” वहिनींनी विचारले.

“दोघे एकाच घरातून फुटले. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांशी तह झाला. एक म्हणे पत्करा, दुसरा म्हणे पत्करू नका. त्यावरून भाऊ भावाशी लढला.”

“आणि आता तो तह कुठाय?”

“इतिहासाच्या पुस्तकात.”

“मग भांडण?”

“ते होतं ना, अगदी परवापरवापर्यंत.”

“म्हणजे आमच्या गल्लीतल्या दोन गणपती मंडळांसारखं,” वहिनी टाका न चुकवता म्हणाल्या. “गणपती एकच, मांडव दोन. का, ते कोणालाच आठवत नाही. वर्गणी मात्र दोघंही मागतात.”

सर म्हणाले, “वहिनी, इतकं सोपं करून सांगता आलं असतं तर माझे विद्यार्थी जागे राहिले असते.” मग त्यांनी सांगितले की आता ते दोन्ही पक्ष एकत्र सरकारात बसतात आणि पंतप्रधानाची खुर्ची आळीपाळीने घेतात. इतके रक्त सांडले, इतक्या पिढ्या एकमेकांचे तोंड पाहिले नाही, आणि शेवटी शेजारी शेजारी बसले. हे सांगताना सरांचा आवाज एकदम खाली आला. मी त्यांच्याकडे पाहिले. ते त्यांच्या कॉफीच्या पिशवीकडे पाहत होते.

एकदा सहलीला कोठे जावे हे ठरवायचे होते. हात वर केले असते तर दोन मिनिटांत उरकले असते. सरांनी आयर्लंडची पसंतिक्रमाची पद्धत लावली. कागदावर चारही ठिकाणांपुढे एक, दोन, तीन, चार असे आकडे घालायचे. ज्याला सर्वांत कमी मते तो बाद. पण त्याच्या मतदाराचे मत वाया जात नाही, ते त्याच्या पुढच्या पसंतीकडे जाते. पहिल्या फेरीत देवळाला तीन मते पडली. मी मनोमन हात जोडले. बुकित पंजांग ह्या उपनगराला दोन. त्यातले एक वहिनींचे, कारण त्यांची भाची तेथे राहते, आणि एक सरांचे. वनस्पती उद्यान आणि तोआ पायोहचे हॉकर सेंटर यांना एकेक. मग चिठ्ठी टाकून उद्यान बाद झाले. ते मत बुकित पंजांगला गेले. मग हॉकर सेंटर बाद झाले. तेही मत बुकित पंजांगला गेले. सुनांनी जेवायला हाका मारल्या तरी मोजणी चालूच होती.

“तिकडं कधी कधी चार-चार दिवस मोजतात,” सर अभिमानाने म्हणाले.

अशा रीतीने देव हरले. आम्ही आठ जण बुकित पंजांगला गेलो, तेथल्या छोट्या एलआरटी गाडीत बसलो आणि इमारतींच्या मधून गोल फिरून जेथे चढलो तेथेच उतरलो. वहिनींची भाची घरी नव्हती.

“काय मिळालं ह्यातून?” कोणीतरी विचारले.

“सहमती,” सर म्हणाले.

असे सर्व सुखाने चालले असताना, तीन आठवड्यांपूर्वी सुजाता आमच्या घरी आली. ती सहसा अवेळी येत नाही. माझ्या सुनेने दिलेले पाणी तिने हातात नुसते धरून ठेवले.

“काका, दादा येतोय सिंगापूरला. ऑफिसच्या कामासाठी, तीन दिवस. दादा म्हणतो, बाबांनी एकदा ‘ये’ म्हणावं. बाबा म्हणतात, त्यानं आधी विचारावं. नाहीतर तो हॉटेलवर उतरेल आणि तसाच परत जाईल.” तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. “काका, इतक्या जवळ येऊन तो न भेटता गेला ना, तर पुन्हा कधी येईल असं मला वाटत नाही. बाबांचं वय बघा तुम्ही.”

मी प्रयत्न करीन असे वचन दिले आणि दुसऱ्याच दिवशी, पार्कातल्या तळ्याकाठी चालताना, सरांपुढे पित्याच्या वात्सल्याविषयी मला जे जे ठाऊक होते ते मांडले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले.

“शास्त्रीबुवा, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही.”

“सर, मुलगा आहे.”

“नील,” ते म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांना नकार द्यायचा होता की तोंड बंद ठेवायचे होते, ते मला कळले नाही. पुढचे दहा-बारा दिवस मी तीनदा विषय काढला, तिन्ही वेळा हेच. सुजाता लिफ्टमध्ये भेटली की माझ्याकडे पाही, आणि मी मजल्यांच्या आकड्यांकडे पाही. देवापुढे बसलो तरी जप तोंडाने चाले आणि मन समोरच्या दारी जाई.

मग तो बुधवार आला. बुधवारी येथल्या दुपारी चारला तेथे सकाळ असते आणि डॉइलचे कामकाज सुरू होते. आरंभी प्रार्थना असते. सर्व उभे राहतात. आमची प्रत्येक कृती तुझ्यापासून सुरू होवो आणि तुझ्याच साहाय्याने शेवटास जावो, अशा आशयाचे मागणे सभापती देवाजवळ मागतात. नंतर काही क्षण मौन पाळतात. राज्यकारभाराला मंगलाचरणाने आरंभ करणारे लोक दूरदेशी आहेत हे कळल्यापासून मी बुधवारी सरांच्या घरी केवळ तेवढ्यापुरता जातो, आणि टॅबसमोर हात जोडून उभा राहतो. सरही उभे राहतात. प्रार्थनेला ते मान लववीत नाहीत, मौनाला लववितात.

त्या दिवशी मौन संपले आणि मी सहज म्हणालो, “इतकी आसनं रिकामी का हो?”

“मतदानाला येतील सगळे. जो येणार नाही, त्याची जोडी लागलेली असेल.”

“जोडी?”

सर खुर्चीत सावरून बसले. शिकवायला मिळाले की त्यांचे वय उतरते. “समजा, सरकार पक्षाचा एक सभासद आहे. घरी आजारपण आलं, त्याला मतदान सोडून जावं लागणार. मग सरकारचं एक मत घटलं की नाही? तर समोरच्या पक्षाचा एक जण म्हणतो, तू जा बाप्पा, मीही त्या दिवशी मत देत नाही. ह्याला जोडी म्हणतात. इकडचं एक गेलं, तिकडचं एक गेलं. बेरीज तीच.”

“मग हरलं कोण?”

“कोणीच नाही. मत बदलायचं नाही, शास्त्रीबुवा. मत तेच राहतं. फक्त त्या दिवसापुरतं मोजायचं नाही.”

“हे कायद्यात आहे?”

“कुठंच नाही. दिलेल्या शब्दावर चालतं. शब्द मोडला त्याच्याशी पुन्हा कोणी जोडी करत नाही.”

मी नमस्कार करून निघालो. मला माझ्या दारापर्यंतची सहा पावले चालायला बराच वेळ लागला. मी इतके दिवस त्यांचे मत बदलायला निघालो होतो. माझी चूक ती होती. वाग्देवतेने उत्तर त्यांच्याच तोंडून वदविले होते.

साडेपाचला सभा भरली. मी कधी नव्हे तो मेजावर चष्म्याच्या डबीने टकटक केली आणि उभा राहिलो.

“सभापतीचा निर्णय ऐकावा. चिरंजीव आनंद ह्या शनिवारी येत आहे. पासपोर्टाच्या प्रश्नावर वाघमारे सर आणि आनंद यांची तीन दिवसांची जोडी लावण्यात येत आहे. ह्या तीन दिवसांत त्या विषयावर दोघांनीही मत द्यायचे नाही.”

सरांच्या पिशवीतली कॉफी नळीतून वर येता येता अर्ध्यावर थांबली.

“नील!” ते उसळले. “नियमबाह्य! सभापतीला जोडी लावायचा अधिकारच नाही. जोडी दोन्ही पक्षांचे प्रतोद ठरवतात.”

“हो का?” लिमये वहिनींनी विणकाम खाली ठेवले. “मग मी तुमची प्रतोद. तिकडची सुजाता. ती बघा, आलीच.”

सुजाता एमआरटी स्थानकाकडून भाजीच्या पिशव्या घेऊन येत होती. तिला काय घडते आहे ते कळायच्या आत वहिनींनी तिच्याकडून फोन लावून घेतला आणि स्पीकर सुरू केला. डब्लिनला सकाळ होती. आनंद कामावर होता.

“आनंद, मी लिमये. तुझ्या बाबांची प्रतोद.”

“कोण?”

“व्हिप रे, व्हिप! नीट ऐक. तीन दिवसांची जोडी आहे. पासपोर्टावर तूही बोलायचं नाहीस, तेही बोलणार नाहीत. कोणी कोणाचं पटवून घ्यायचं नाही. मतं आपापल्या जागी. मंजूर?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“जोडी म्हणजे पेअर? डॉइलमधलं पेअर? हे... तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दादा,” सुजाता म्हणाली, “बाबा बघतात. रोज. तीन वर्षं झाली.”

व्हॉइड डेकवर वरच्या कुठल्याशा मजल्यावरून वाळत घातलेल्या कपड्यांचे पाणी टपटपत होते. माझी बोटे आपोआप जानव्याकडे गेली.

“मंजूर आहे,” आनंद म्हणाला. “बाबा आहेत तिथं?”

सर दुसरीकडे तोंड करून बसले होते. ते त्याच दिशेने, जणू समोरच्या खांबाला उद्देशून, म्हणाले, “जोडी शनिवारपासून लागू होईल. आज नाही.” तीन वर्षांनी मुलाच्या कानी पडलेले बापाचे पहिले वाक्य ते हे. मग अधिक हळू: “प्रतोदबाई, त्याला विचारा, पाटवडीचा रस्सा अजून खातो का.”

वहिनींनी विचारण्याची गरज पडली नाही. फोनमधून उत्तर आले, “तॉ, बाबा.”

सरांनी पिशवी खाली ठेवली आणि उगाचच चष्मा पुसला. त्यानंतर त्या दिवशी सभेला गणसंख्या उरली नाही. जो तो काही काम आठवून उठून गेला.

शनिवारी मला सुव्यवस्था राखण्यासाठी मुद्दाम बोलावणे आले. मी साडेतीनलाच जाऊन बसलो. सुजाताने रस्सा केला होता. सर इस्त्रीचा सदरा घालून तीन वेळा दारापर्यंत गेले आणि तीन वेळा, जणू टपाल पाहायला गेलो होतो असे दाखवीत, परत आले. चारला बेल वाजली. आनंद उंच आहे. दारात वाकून आत येण्याची त्याला सवय असावी. तो सरांच्या पायाशी वाकला. सरांनी त्याचे खांदे धरून त्याला अर्ध्यावरच उभे केले.

“वजन उतरलं.”

“थंडी असते बाबा तिथं.”

“थंडीनं वजन चढतं. शास्त्र वाच जरा.”

एवढे झाले आणि मी सुटकेचा श्वास सोडला. सर्वांनी ऐकावा इतका तो मोठा होता. सुजाता हसली, मग डोळे पुसत आत गेली.

जेवणे झाली. आनंद कपाटापाशी उभा राहून सरांच्या वह्या चाळू लागला. पाच जाडजूड वह्या होत्या. पहिल्या वहीवर मोठ्या अक्षरात ‘दोष’ असे लिहिलेले होते. ती जेमतेम निम्मी भरली होती. पुढच्या वह्यांवर नुसते क्रमांक होते. आतल्या पानांवर कोणत्या मतदारसंघात कोण, दवाखान्यांच्या रांगांवर कोणी प्रश्न विचारला, घरभाड्यावर मंत्री काय म्हणाले, परदेशातून आलेल्या लोकांबद्दल कोणी बरे बोलले आणि कोणी वाईट, हे सर्व सरांच्या बारीक, उभ्या अक्षरात.

“बाबा,” आनंद वही मिटून म्हणाला, “जोडी मोडत नाही मी. फक्त विचारतो. हे एवढं सगळं कशासाठी?”

मला वाटले, आता मार्गदर्शक तत्त्वे येणार. सरांनी ती काढली नाहीत. ते बुद्धमूर्तीजवळची फुले नीट करीत होते. पाठमोरेच बोलले.

“मुलगी देताना आपण स्थळाची चौकशी करतो. घर कसं आहे, माणसं कशी आहेत, रागीट आहेत का, तिला कोणी बोलू देतं का. मी तर मुलगा दिला. न विचारता गेला, पण दिलाच ना. मग चौकशी नको करायला?”

आनंदने विचारले, “काय निघालं चौकशीत?”

“माणसं भांडखोर आहेत. वेळेवर काही संपवत नाहीत.” सर वळले. “पण कुठल्याच पक्षात नसलेला, एकटा निवडून आलेला माणूस उठून उभा राहिला ना, तर त्यालासुद्धा घड्याळ लावून बोलायला वेळ देतात. मी मुद्दाम बघितलं, वर्षानुवर्षं. देतात. एकट्याला बोलू देणारं घर वाईट नसतं.” हातातले फूल त्यांनी मूर्तीपाशी ठेवले. “बरं स्थळ आहे.”

आनंद दोन पावले पुढे आला. मग सर एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “सभापती, जोडी मोडली का हो मी?”

हे वाक्य कामकाजातून वगळण्यात येत आहे, असा निर्णय मी दिला आणि संध्येची वेळ झाल्याचे सांगून उठलो. वस्तुतः तिला दोन तास अवकाश होता. मागे वळून पाहिले नाही. दार मात्र त्यांनी लावले नव्हते, आणि आमच्या घरात बसूनही दोन पुरुषांचे एकाच वेळी बोलणे ऐकू येत होते, कोणीही कोणाला थांबवीत नव्हते.

वाचकहो, तुमच्या घरची जी लेकरे दूरदेशी गेली आहेत, त्यांना तेथील माणसे सांभाळून घेवोत. तुमच्या घरात कोणी कोणाशी बोलणे टाकले असेल, तर मत न सोडताही शेजारी बसता येते ही बुद्धी दोघांनाही एकाच दिवशी होवो. तुमच्या अन्नाला चव राहो, तुमच्या वडीलधाऱ्यांना आयुष्य लाभो, आणि तुमच्या कुटुंबातल्या प्रत्येकाचे बोलणे ऐकून घेणारे कोणीतरी त्याच घरात असो.